‘व्ही’ आकाराच्या गिटारी : आकार एक, दावेदार अनेक

इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची इलेक्ट्रिक गिटार ही रॉक व हेवी मेटल संगीताची जणू निशाणीच होय. बाणाच्या फाळासारखे निमुळते टोक मानेकडे आणि फाकलेले दोन पंख मागे, अशी तिची ठेवण असते. रंगमंचाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या श्रोत्यालाही ती ओळखू येते. अमेरिकेतील गिब्सन कंपनीने १९५८ मध्ये ही गिटार प्रथम बाजारात आणली, तेव्हा तिला गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे डीन, जॅक्सन, आयबानेझ, ईएसपी अशा प्रतिस्पर्धी कंपन्यांनी तोच आकार आपापल्या परीने घडवला आणि अखेर हा आकार नेमका कोणाचा, हा प्रश्न न्यायालयांपर्यंत गेला.

दिसायला सारख्या असल्या तरी या गिटारींचे गुणधर्म सारखे नाहीत. तारेची लांबी, मानेची जोडणी, घोडीची रचना आणि पिकअपची निवड यांमुळे प्रत्येकीचा हात वेगळा आणि आवाजही वेगळा. मोठ्या शहरातील वादकाला दुकानात जाऊन दोन-चार वाद्ये हाताळून पाहता येतात. भंडारा जिल्ह्यातील आंबागड किंवा तुमसरसारख्या ठिकाणी राहणाऱ्या होतकरू वादकाला मात्र बहुधा छायाचित्र आणि गुणधर्मांची यादी पाहूनच पैसे मोजावे लागतात. अशा वेळी यादीतील कोणत्या शब्दाचा अर्थ काय, हे ठाऊक असणे अगत्याचे ठरते.

आकाराचा जन्म

१९५० च्या दशकात लिओ फेंडर यांच्या कंपनीने अमेरिकी गिटार बाजारात मोठी उलथापालथ घडवली. १९५४ मध्ये आलेल्या ‘स्ट्रॅटोकास्टर’पुढे गिब्सनची वाद्ये जुन्या वळणाची वाटू लागली. गिब्सनचे तत्कालीन अध्यक्ष टेड मकार्टी यांनी ही टीका मनावर घेतली आणि मोटारी, विमाने व अग्निबाणांच्या त्या काळाला शोभतील असे आकार काढून घेतले. त्यांतून ‘फ्लाइंग व्ही’ आणि ‘एक्स्प्लोरर’ या दोन गिटारी १९५८ मध्ये बाजारात आल्या.

पहिल्या ‘फ्लाइंग व्ही’चे अंग व मान कोरिना नावाने ओळखल्या जाणाऱ्या आफ्रिकी लाकडाची होती. हे लाकूड रंगाने फिकट पिवळसर आणि वजनाने तुलनेने हलके असते. तारा घोडीवरून पुढे जाऊन ‘व्ही’ आकाराच्या धातूच्या पट्टीतून अंगाच्या आरपार ओवलेल्या होत्या. गुळगुळीत अंग मांडीवरून घसरू नये म्हणून खालच्या कडेला रबराची खाचांची पट्टी लावलेली होती. बसून वाजवताना येणारी अडचण निर्मात्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, याची ती पट्टीच साक्ष देते.

बाजाराने मात्र या वाद्याकडे पाठ फिरवली. कंपनीच्या नोंदींनुसार १९५८ मध्ये ८१ आणि १९५९ मध्ये १७, म्हणजे दोन वर्षांत अवघ्या ९८ गिटारी कारखान्याबाहेर पडल्या. उरलेल्या सुट्या भागांतून पुढे थोड्या आणखी जुळवण्यात आल्या आणि उत्पादन थांबले. एकेकाळी नाकारल्या गेलेल्या याच मूळ गिटारी आज संग्राहकांच्या जगात अतिशय दुर्मीळ व महाग मानल्या जातात.

वादकांनी दिलेला दुसरा जन्म

या आकाराला वाचवले ते मोजक्या वादकांनी. १९६३ मध्ये ‘मेम्फिस’ या वाद्यरचनेमुळे नावारूपाला आलेला लॉनी मॅक आणि ब्लूज गायक-वादक अल्बर्ट किंग हे त्यांतील अग्रणी. किंग डावखुरा होता आणि उजव्या हाताने वाजवण्यासाठी बनवलेली गिटार तो तारा न बदलता उलटी धरून वाजवीत असे. नेहमीच्या गिटारचा एका बाजूचा खाचा अशा वेळी चुकीच्या जागी येतो. ‘व्ही’च्या दोन्ही बाजू समान असल्याने मात्र ती कशीही धरली तरी हात वरच्या पडद्यांपर्यंत सहज पोहोचतो. आकाराची समरूपता केवळ शोभेची नव्हती, हे किंगच्या वादनाने दाखवून दिले. आपल्या गिटारला त्याने ‘ल्यूसी’ असे नाव दिले होते.

१९६७ च्या सुमारास गिब्सनने ‘फ्लाइंग व्ही’ पुन्हा बाजारात आणली. या वेळी कोरिनाऐवजी महोगनी लाकूड वापरले गेले आणि तारा अंगातून आरपार ओवण्याची रचना वगळण्यात आली. जिमी हेन्ड्रिक्सने यांपैकी एक गिटार घेऊन ती स्वतःच्या हाताने रंगवली. १९७० च्या दशकात जर्मनीतील शेंकर बंधूंनी, म्हणजे ‘स्कॉर्पियन्स’चा रुडॉल्फ आणि ‘यूएफओ’चा मायकल यांनी, ही गिटार हार्ड रॉकच्या मंचावर कायमची रुजवली. मायकलची अर्धी काळी व अर्धी पांढरी ‘व्ही’ त्याची ओळखच बनली.

प्रतिस्पर्धी रिंगणात

मागणी वाढू लागली, तशा नकला आणि नवे अवतारही येऊ लागले. जपानच्या आयबानेझने १९७० च्या दशकाच्या मध्यास ‘रॉकेट रोल’ या नावाने ‘फ्लाइंग व्ही’शी हुबेहूब साम्य असलेली गिटार काढली. जपानी नकलांचा दर्जा इतका सुधारला होता, की १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकेतील वितरकाविरुद्ध दावा दाखल केला. हा दावा गिटारच्या अंगाच्या आकाराविषयी नव्हता. जेथे खुंट्या बसवतात त्या माथ्याच्या आकाराविषयी तो होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

नकलांची महती सांगणारे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ‘मेटॅलिका’चा जेम्स हेटफील्ड सुरुवातीच्या वर्षांत जी पांढरी ‘व्ही’ वाजवीत असे, ती गिब्सनची नव्हती. इलेक्ट्रा या नाममुद्रेखाली विकली जाणारी ती नक्कल होती. १९८३ मधील पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या काळात तीच त्याच्या हाती होती.

डीन झेलिन्स्की या तरुणाने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागो परिसरात ‘डीन’ ही कंपनी उभी केली. तिच्या ‘व्ही’चा पाया गिब्सनचाच होता. तारेची लांबी तीच, महोगनीचे अंग आणि डिंकाने जोडलेली मानही तीच. माथा मात्र स्वतंत्र ‘व्ही’ आकाराचा, पंख फुटल्यासारखा मोठा केलेला होता. त्यामुळे गिटारच्या दोन्ही टोकांना ‘व्ही’ दिसू लागला. मायकल शेंकर पुढे याच कंपनीकडे वळला.

खरा वेगळा मार्ग काढला तो जॅक्सनने. ओझी ऑसबर्नचा तरुण साथीदार रँडी ऱ्होड्स १९७९ मध्ये कार्ल सँडोव्हल या कारागिराने घडवलेली ठिपक्यांची ‘व्ही’ वाजवीत असे. १९८० च्या अखेरीस तो कॅलिफोर्नियातील ग्रोव्हर जॅक्सन यांच्याकडे नवी कल्पना घेऊन गेला. त्यातून एक पंख लांब व एक आखूड अशी विषम ‘व्ही’ तयार झाली. पहिली पांढरी गिटार लोकांना ‘फ्लाइंग व्ही’सारखीच भासते असे त्याला वाटल्याने पुढच्या काळ्या गिटारीत ही विषमता आणखी वाढवण्यात आली. १९ मार्च १९८२ रोजी वयाच्या अवघ्या २५ व्या वर्षी ऱ्होड्सचा विमान अपघातात मृत्यू झाला. आपल्या नावाची गिटार सर्वत्र विकली जाताना पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. जॅक्सनने नंतर समान पंखांची ‘किंग व्ही’ही काढली. ‘मेगाडेथ’चा डेव्ह मस्टेन याच्या हाती ती जगभर पोहोचली. २००२ मध्ये जॅक्सन ही नाममुद्रा फेंडरच्या ताब्यात गेली. ज्या फेंडरला उत्तर म्हणून ‘व्ही’ जन्मली, त्याच घरात अशा रीतीने तिची एक शाखा नांदू लागली.

जपानच्या ईएसपीची स्थापना १९७५ मध्ये टोकियोत झाली. ‘चिल्ड्रन ऑफ बोडम’ या फिनलंडच्या चमूचा अलेक्सी लाइहो आरंभी जॅक्सनची विषम ‘व्ही’ वाजवीत असे. पुढे ईएसपीने त्याच्या नावाने तशाच घडणीची, धारदार कडांची गिटार बनवली. लाइहो २०२० च्या डिसेंबरात निवर्तला, परंतु वेगवान वादनाची हौस असलेल्यांमध्ये त्याची गिटार लोकप्रिय राहिली.

लांबीचा फरक : पाऊण इंच, पण मोलाचा

या गिटारींमधील पहिला महत्त्वाचा भेद म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी. गिब्सन व डीन यांच्या ‘व्ही’मध्ये ती पावणेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६२.९ सेंटिमीटर असते. जॅक्सन व ईएसपी यांच्या ‘व्ही’मध्ये ती बहुधा साडेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६४.८ सेंटिमीटर असते. फरक केवळ पाऊण इंचाचा दिसतो. तथापि, तीच तार त्याच स्वरात लावायची असेल तर आवश्यक ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हिशेब केल्यास लांब गिटारवर ताण सुमारे ६ टक्क्यांनी अधिक येतो.

याचा परिणाम बोटांना तत्काळ जाणवतो. आखूड लांबीवर तार ओढून मींड काढणे सोपे जाते आणि ब्लूजच्या वादकाला तेच हवे असते. लांब तारेवर खालचे स्वर घट्ट व स्पष्ट राहतात. मेटल संगीतात तारा नेहमीपेक्षा खालच्या स्वरात उतरवण्याची रीत आहे आणि तेथे आखूड लांबीची तार सैल पडून लडबडते. जॅक्सन व ईएसपी यांनी लांब पल्ला स्वीकारण्याचे फळ या संगीतात मिळते.

पडद्यांच्या संख्येतही भेद आहे. मूळ ‘फ्लाइंग व्ही’ला २२ पडदे होते. मानेचा जोड अगदी टोकाशी असल्याने ते सर्व बोटांच्या आवाक्यात येत. ईएसपीच्या लाइहो नमुन्यात आणि जॅक्सनच्या अनेक नमुन्यांत २४ पडदे असतात, त्यामुळे प्रत्येक तारेवर दोन पूर्ण सप्तके मिळतात.

लाकूड आणि मानेची जोडणी

गिब्सन व डीन यांच्या पारंपरिक रचनेत महोगनीची मान अंगाच्या खाचेत डिंकाने घट्ट बसवलेली असते. जॅक्सनच्या मूळ ऱ्होड्स गिटारीत मेपल लाकडाची एकच पट्टी माथ्यापासून शेपटीपर्यंत आरपार जाते आणि पंख तिच्या दोन बाजूंना चिकटवलेले असतात. या रचनेत जोडाची जाड टाच उरत नाही आणि वरच्या पडद्यांवर हात मोकळा फिरतो. स्वस्त नमुन्यांत मात्र मान बहुधा स्क्रूने जोडलेली असते. ते कमीपणाचे लक्षण नव्हे. अशी मान दुरुस्त करणे किंवा बदलणे सोपे असते.

महोगनी मेपलपेक्षा मऊ असते आणि मागे झुकलेला माथा हा कोणत्याही गिटारचा नाजूक भाग होय. ‘व्ही’ गिटार भिंतीला टेकवून ठेवली तर तिचे दोन पंख जमिनीवर टिकतात, पण धक्का लागून ती घसरते आणि माथ्याशी तुटण्याचा धोका उद्भवतो. म्हणून भिंतीवरची आकडी किंवा ‘व्ही’साठीच बनवलेली घोडी-बैठक घेणे शहाणपणाचे ठरते. नेहमीच्या गिटारची पेटीही या आकाराला चालत नाही. बसने किंवा रेल्वेने प्रवास करणाऱ्या वादकाने पेटीचा खर्च गिटारच्या किमतीत धरूनच हिशेब करावा.

बोटांखालच्या पट्टीसाठी शिसवीचा वापर पूर्वापार होत आला आहे. ब्राझिलियन शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ मध्ये कडक बंदी आल्यानंतर भारतीय शिसवीचे महत्त्व वाढले. सह्याद्रीच्या वनांतही आढळणारे हे झाड. २०१७ मध्ये शिसवीच्या सर्वच जाती ‘साइटीस’ करारातील नियंत्रणाखाली आल्या, तेव्हा गिटार कंपन्यांना परवान्यांच्या कटकटी टाळण्यासाठी अन्य लाकडांकडे वळावे लागले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सवलत मिळाली. एकाच नावाच्या नमुन्यात वेगवेगळ्या वर्षी पट्टीचे लाकूड वेगळे का असते, याचे कारण या घडामोडींत सापडते.

घोडी आणि पिकअप

गिब्सनच्या ‘व्ही’त सामान्यतः स्थिर घोडी असते. तारा बदलणे, स्वर लावणे सोपे आणि नव्या वादकाला तीच सोयीची. जॅक्सन व ईएसपी यांच्या बऱ्याच नमुन्यांत ‘फ्लॉइड रोझ’ पद्धतीची हलती घोडी असते. तिच्यात तारा दोन्ही टोकांना कुलूपबंद केलेल्या असतात, त्यामुळे दांडीने स्वर कितीही खाली-वर केला तरी तार पुन्हा मूळ स्वरावर येते. मात्र एक तार तुटली की साऱ्यांचा तोल बिघडतो. तारांचा जाडीचा प्रकार बदलला तरी मागील स्प्रिंगा पुन्हा जुळवाव्या लागतात. जवळपास कारागीर नसलेल्या गावी ही घोडी डोकेदुखी ठरू शकते.

पिकअपच्या बाबतीत या सर्व गिटारींचे कूळ एकच आहे. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये विकसित केलेल्या दुहेरी वेटोळ्यांच्या ‘हमबकर’चा सर्वांना आधार आहे. एकेरी वेटोळे विजेच्या तारांतून येणारी घरघर टिपते. दोन विरुद्ध वेटोळी ती घरघर परस्परांत रद्द करतात आणि आवाजही भरदार होतो. ईएसपीच्या लाइहो नमुन्यात घोडीजवळ एकच पिकअप असतो, तर गिब्सनच्या नमुन्यात दोन. मानेजवळच्या पिकअपचा गोल, मृदू आवाज ज्याला हवा असेल, त्याने एकेरी रचनेच्या मोहात पडू नये.

आकारामुळे आवाज पालटतो, अशी समजूत मात्र तपासून घ्यावी लागेल. भरीव अंगाच्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये स्वराचे रूप मुख्यतः पिकअप, तारा, लांबी आणि ध्वनिवर्धक यांवर ठरते. सतारीच्या भोपळ्याप्रमाणे येथे पोकळ अंग आवाज घुमवीत नाही. ‘व्ही’चा आकार वादकाच्या हाताची व बैठकीची सोय ठरवतो आणि पाहणाऱ्याच्या मनावर ठसा उमटवतो. आवाजावर त्याचा प्रभाव अल्प असतो.

बसून वाजवण्याचा प्रश्न

‘व्ही’ गिटार बसून वाजवता येत नाही, हा सर्वांत मोठा आक्षेप. तो अर्धाच खरा आहे. खालचा पंख दोन्ही मांड्यांच्या मधोमध घेऊन उजवी मांडी ‘व्ही’च्या खाचेत बसवली, की मान वर उचलली जाते आणि अभिजात गिटारवादकाची बैठक साधते. समान पंखांच्या गिटारवर हे सहज जमते. जॅक्सनच्या विषम गिटारीत खालचा पंख आखूड असल्याने खाच लहान पडते, तरी थोड्या सवयीने बैठक बसते. घरी तासन् तास रियाज करणाऱ्याने हा मुद्दा आवाजाइतकाच महत्त्वाचा मानावा.

आकार कोणाचा?

गिब्सनने हा आकार आपली व्यापारमुद्रा असल्याचा दावा वेळोवेळी केला आहे. युरोपीय संघात २०१० मध्ये तिने त्याच्या नोंदणीसाठी अर्ज केला. नोंदणीला आव्हान मिळाले आणि २८ जून २०१९ रोजी युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने गिब्सनविरुद्ध निकाल दिला. १९५८ मध्ये हा आकार नवा असेलही, पण अर्ज केला तेव्हा बाजारात इतके विविध आकार रूढ झाले होते, की केवळ तो पाहून ग्राहकाला निर्माता ओळखता येणार नाही, असा निकालाचा आशय होता.

अमेरिकेत गिब्सनने २०१९ मध्येच डीन या नाममुद्रेच्या मालक कंपनीविरुद्ध टेक्सासमध्ये दावा लावला. २०२२ मध्ये ज्यूरीने बहुतांशी गिब्सनच्या बाजूने कौल दिला. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला नव्याने चालवण्याचा आदेश दिला. इतर कंपन्या कित्येक दशके हेच आकार बनवीत आल्याचा पुरावा ज्यूरीपुढे येऊ दिला गेला नव्हता, हे त्याचे कारण होते. फेंडरलाही २००९ मध्ये अमेरिकी व्यापारमुद्रा मंडळाने स्वतःच्या गिटारींच्या आकारांवर हक्क नाकारला होता. नवा आकार शोधणाऱ्याला श्रेय मिळायला हवे. पण दीर्घकाळ गप्प राहून सर्वांना तो वापरू दिला, तर तो सार्वजनिक ठेवा बनतो काय, हा या सर्व वादांचा गाभा होय.

वादकांच्या निष्ठाही स्थिर राहिलेल्या नाहीत. जॅक्सनपासून सुरुवात केलेला डेव्ह मस्टेन पुढे ईएसपी, मग २००७ मध्ये डीन आणि २०२१ मध्ये गिब्सनकडे गेला. आकार तोच राहिला, माथ्यावरचे नाव बदलत गेले.

महाराष्ट्र आणि ‘व्ही’

मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून भरलेल्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सवाने मराठी मुलुखातील रॉकप्रेमींच्या पिढ्या घडवल्या. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे हे खुले नाट्यगृह पुढे अशा मैफलींना बंद झाले. १ फेब्रुवारी २००८ रोजी ‘आयर्न मेडन’ने आपल्या जागतिक दौऱ्याचा प्रारंभ मुंबईतूनच केला. ३० ऑक्टोबर २०११ रोजी ‘मेटॅलिका’ बेंगळुरूत वाजली. अशा कार्यक्रमांनी येथील तरुणांच्या मनात या वाद्यांविषयीचे आकर्षण दृढ केले.

निवड कशी करावी?

ब्लूज, हार्ड रॉक आणि मींडप्रधान वादनाची आवड असल्यास गिब्सन किंवा डीन यांची आखूड लांबीची, स्थिर घोडीची ‘व्ही’ योग्य. गिब्सनच्याच मालकीच्या एपिफोन या नाममुद्रेखाली तिचे स्वस्त रूप मिळते. वेगवान मेटल आणि खाली उतरवलेल्या तारांसाठी जॅक्सन अथवा ईएसपीची लांब गिटार अधिक उपयोगी. ईएसपीची स्वस्त मालिका ‘एलटीडी’ या नावाने येते. पहिलीच गिटार घेणाऱ्याने मात्र हलती घोडी टाळावी आणि उरलेल्या पैशांतून चांगला ध्वनिवर्धक घ्यावा, कारण इलेक्ट्रिक गिटारचा अर्धा आवाज त्यातूनच येतो.

न पाहता खरेदी करायची झाल्यास तारेची लांबी, घोडीचा प्रकार, पडद्यांची संख्या, पेटी सोबत आहे की नाही आणि परत करण्याच्या अटी या पाच गोष्टी आधी विचाराव्यात. माथ्यावरचे नाव त्यानंतर. अल्बर्ट किंगने उलटी धरलेली गिटार आणि हेटफील्डने वाजवलेली नक्कल हेच सांगतात, की हाताला जुळणारे वाद्य हेच वादकाचे खरे वाद्य होय.